पाचवं पान

शेंड्यापासून पाच मोजायची.
वरची चार अजून अंग धरतात, त्यांचं काही ऐकायचं नाही.
खालची म्हातारी, आपलंच सांगत बसतात.
पाचवं घ्यायचं. देठ खुडून टाकायचा,
पातं तेवढं कागदी पिशवीत.

"हिरवंगार तर आहे," कोसिवा म्हणते.
अकात्सीच्या बाहेर तीन एकर तांबूस वाळूसर रान,
हातात कोयता, पाठीला बांधलेलं नातवंड झोपलेलं.
"हिरव्या पानाला कसला आलाय आजार?"

मका असता तर त्यानं बोंब मारली असती.
मक्याला कमी पडलं की तो कडा करपवतो,
जांभळा पडतो, साऱ्या शिवाराला कळवतो.
कसाव्याचं तसं नाही.
नत्र तुटलं, पालाश तुटलं,
की तो पानं कमी काढतो. लहान काढतो.
काढली तेवढ्यांना पोटभर देतो
आणि उभा राहतो कमरेएवढा,
जिथं डोक्यावरून जायला हवा.
शेजारी धडधाकट झाडच नसेल
तर कुणाला कळावं, हा उपाशी आहे?

नागमोडी चालत पंधरा ठिकाणी गिरमिट घातलं, वीतभर खोल.
माती प्लास्टिकच्या बादलीत कालवली.
सेनानू, तिचा धाकटा, जस्ताच्या पत्र्याची बादली घेऊन धावत आला.
ती नको म्हटलं. तिचं जस्त मातीत उतरतं,
मग माती खोटी साक्ष देते.
तो हिरमुसला. पिशवीवर नाव घालायचं काम त्याला दिलं.
त्यानं आईचं नाव लिहिलं,
आणि खाली, न विचारता, स्वतःचं.

उन्हं कलताना पूर्वेच्या बांधाशी थबकले.
खोलीएवढा एकच तुकडा.
झाडं माझ्याहून उंच, पानांनी वाट अडवलेली.
"इथं काय होतं?"
"काही नाही."
"काहीतरी होतं."
तिनं कोयत्याच्या टोकानं उकरलं. काळी भुरभुर वर आली.
"आईची चूल," ती म्हणाली. "गारी भाजायची. अठरा वर्षं.
राख इथंच ओतायची, वाऱ्याची पाठ बघून.
मग रस्त्याला गिरणी झाली. आता कंद सालीसकट ट्रकमध्ये जातो.
खोडंही जातात, जळणाला."

पालाश, मी म्हटलं. आणि लगेच जीभ चावली;
राखेत चुना असतो, थोडं स्फुरदही,
एका ढिगावरून निदान करू नये असं शिकवलंय मला.
कुमासीहून कागद येईल सहा आठवड्यांनी,
त्यावर आकडा असेल, दशांश चिन्हासकट.
पण हिच्या आईनं तो आधीच मांडून ठेवलाय,
बारा पावलं लांब, दहा पावलं रुंद.

आमच्या एवे भाषेत कसाव्याला अग्बेली म्हणतात.
अग्बे म्हणजे जीव. ली म्हणजे आहे.
जीव आहे.
कुणी दारातून हाक मारून विचारावं
आणि आतून, न उठता, उत्तर यावं, तसं.

निघताना तिनं वाडगा पुढे केला, माशाचा रस्सा, अक्प्ले.
"तू?"
"माझं मघाशीच झालं."
चुलीवर दुसरं भांडं नव्हतं.
मी अर्धं खाल्लं, पोट भरलं म्हटलं.
दोघीही हिरव्यागार.

कागद आला. पालाशच, तळाच्या रेघेखाली.
एका चुलीची राख तीन एकराला पुरत नाही
हे सांगायला मी गेले, खताच्या पोत्यांचा हिशेब घेऊन.
कोसिवा रस्त्यावर होती, ट्रकच्या दारात पाय रोवून.
ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.
"चाळीस पोती भरून नेतोस," ती सांगत होती,
"येताना रिकामा येतोस.
साली आण. गिरणीमागचा डोंगर आण.
नाहीतर पुढच्या खेपेला
रानच घालून ने पोत्यात, सरळ."

सेनानू मागच्या चाकावर बसून
मोठ्यानं पोती मोजत होता.